जरत्कारूचा जबाब

महाभारताची कथा पहिल्यांदा कुठे सांगितली गेली असे विचारले, तर बरीच सुशिक्षित माणसे कुरुक्षेत्राचे नाव घेतात. मूळ ग्रंथ वेगळे सांगतो. अर्जुनाचा पणतू राजा जनमेजय याचा बाप परीक्षित तक्षक नागाच्या दंशाने मेला, म्हणून जनमेजयाने समस्त सर्पजात नष्ट करणारा यज्ञ मांडला. मंत्रांच्या जोराने लहानथोर साप दूरदूरहून ओढले जाऊन आगीत पडत होते, आणि त्या कर्माच्या मधल्या विसाव्यात व्यासांच्या आज्ञेवरून त्यांचा शिष्य वैशंपायन राजाला त्याच्या पूर्वजांची कथा ऐकवत होता. द्यूत, वनवास, अठरा दिवसांचे युद्ध, स्त्रियांचा विलाप, शांतीचा उपदेश हे सारे ज्याने प्रथम ऐकले, तो श्रोता त्याच वेळी एक सबंध जमात जाळीत बसला होता. पुढे सौतीने ती कथा नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगितली आणि तिथून ती जगभर गेली. पण तिचा उगम त्या धुराच्या मांडवातला आहे.

अरुण कोलटकरांची 'सर्पसत्र' ही दीर्घ कविता याच मांडवात शिरते. ती २००४ साली अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले. कविता इंग्रजीत आहे. मग मराठी वार्षिकात तिची चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. आमचे उत्तर सोपे आहे. लिहिणारा मराठी आहे, विषय मराठी घराघरांत लहानपणापासून ऐकला जातो तोच आहे, आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवून मराठीत लेख लिहिणाऱ्या आमच्यासारख्याने कोणी कोणत्या भाषेत लिहावे यावर तरी हुज्जत घालू नये.

कोलटकर हे 'जेजुरी'चे कवी म्हणून ठाऊक असतात. त्या पुस्तकाला १९७७ साली राष्ट्रकुलाचे पारितोषिक मिळाले होते. आमच्या वाचकांनी मात्र त्यांची २००३ सालची मराठी 'भिजकी वही' आधी वाचावी अशी शिफारस आहे. रडणाऱ्या बायकांची ती वही. तिच्यात हजरत राबिया आहेत, लैला आहे, आणि मेवाती मुलगी मैमून आहे, जिला मनाप्रमाणे निकाह केल्याची शिक्षा आपल्याच माणसांनी दिली. साहित्य अकादमीचा पुरस्कार या पुस्तकाला कवीच्या मृत्यूनंतर मिळाला. 'सर्पसत्र'मधली जरत्कारू याच बायकांच्या रांगेतली आहे. फक्त ती रडत नाही, ती बोलते.

कवितेचे तीन भाग आहेत. पहिल्यात जनमेजय बोलतो आणि लवकर संपतो, कारण सूड घेणाऱ्याला फार काही सांगायचे नसतेच. दुसरा भाग सर्वांत मोठा. त्यात वासुकी नागाची बहीण जरत्कारू आपल्या मुलाशी, आस्तिकाशी बोलते. तिसऱ्या भागात यज्ञ संपल्यावरचे स्नान, म्हणजे अवभृथ आहे. एवढाच सांगाडा. युद्ध नाही, गीता नाही, द्रौपदी नाही. लाखभर श्लोकांच्या ग्रंथातून कवीने सुरुवातीचा तो तुकडा उचलला, जो कीर्तनकार आणि दूरदर्शनवाले दोघेही ओलांडून पुढे जातात.

आता मूळ आणि कविता शेजारी ठेवून पाहू. आदिपर्वातले आस्तिकपर्व वाचताना आम्हांला सर्वांत जाणवली ती कारणांची गर्दी. साप का जळाले? त्यांची आई कद्रू हिने त्यांना शाप दिला होता. तिच्या पैजेसाठी उच्चैःश्रव्याच्या शेपटीला काळे केस होऊन चिकटायला ते तयार झाले नाहीत, म्हणून. परीक्षित का मेला? त्याने मौनात बसलेल्या शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप अडकवला आणि ऋषिपुत्राने शाप दिला, म्हणून. जनमेजयाला चिथावले कोणी? उत्तंक नावाच्या ब्राह्मणाने, कारण तक्षकाने कधीकाळी त्याच्याजवळची कुंडले पळवली होती. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, एक कुत्र्याचे पिल्लू आहे. जनमेजयाच्या भावांनी ते यज्ञाच्या जागी विनाकारण बडवले. त्याची आई सरमा तक्रार घेऊन आली, कोणी उत्तर दिले नाही, तेव्हा तिने राजाला न दिसणाऱ्या भयाचा शाप दिला. (कोलटकरांनी 'काळा घोडा'च्या कवितांचे पुस्तक गावठी कुत्र्यापासून सुरू केले, त्यात ही सरमा त्यांच्या मनात असेल असे आम्हांला उगाच वाटत राहते.)

एवढी कारणे एकावर एक रचली की कोणी गुन्हेगार उरत नाही. राजा शापाचे हत्यार होतो, तक्षकही शापाचेच. कोलटकर शापांवर विसंबत नाहीत. त्यांची जरत्कारू आगीचा माग काढीत एका जुन्या आगीकडे जाते, ती म्हणजे खांडववन. अग्नी ब्राह्मणाच्या वेषात येऊन भूक लागली म्हणाला. कृष्ण आणि अर्जुन यांनी सबंध अरण्य त्याला खाऊ घातले आणि बाहेर पळणाऱ्या प्रत्येक जिवाला पुन्हा आगीत लोटले. गांडीव धनुष्य अर्जुनाला याच कामासाठी मिळाले. तक्षक त्या वेळी कुरुक्षेत्राकडे गेला होता, म्हणून वाचला. त्याची बायको मुलगा अश्वसेन याला वाचवताना अर्जुनाच्या बाणाने मेली. ग्रंथ स्वतः मोजून सांगतो की त्या वनातून सहा जीव वाचले: अश्वसेन, मय नावाचा असुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. त्याच मयाकडून पांडवांनी इंद्रप्रस्थाची सभा बांधून घेतली.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वाचे २२५ अध्याय आहेत. त्यात आस्तिकाची कथा तेरा ते त्रेपन्न अशी सुरुवातीला येते आणि खांडवदाह २१४ पासून अगदी शेवटी. घटनेच्या क्रमाने जळलेले वन आधीचे आणि सर्पसत्र तीन पिढ्यांनंतरचे. ग्रंथात मात्र नंतरची आग आधी पेटते आणि मधल्या सुमारे एकशेसाठ अध्यायांत वाचक पहिलीचा आणि दुसरीचा संबंध विसरतो. कोलटकरांनी केले ते एवढेच की ही दोन टोके एका बाईच्या तोंडात जवळ आणली. आधुनिक कवीचे काम म्हणतात ते हेच असावे. नवी गोष्ट रचायला लागली नाही.

खांडवदाहाबद्दल मराठीत कोणी बोललेच नव्हते असे मात्र समजू नये. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या प्रसंगाची कठोर तपासणी १९६७ सालीच केली आहे, आणि ती जमीन मिळवण्याची मोहीम होती हे त्यांना स्पष्ट दिसले होते. पण कर्वेबाई विदुषी म्हणून बोलतात, बाहेरून. जरत्कारू आतून बोलते. जळालेल्या अरण्याबरोबर काय काय गेले याची ती यादी करते, तेव्हा तिच्यात झाडे आणि जनावरे तर आहेतच, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी साधी माणसेही आहेत, त्यांची बोली आहे, त्यांची गाणी आहेत, त्यांची झाडपाल्याची आणि मंत्राची विद्या आहे. ज्याचा पंचनामा कधी होत नाही, त्याची ती नोंद आहे.

आम्ही राहतो ते वडपे मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. एका पिढीत इथल्या भातशेतीची गोदामे झाली. मैल मैल पत्र्याची छपरे, आणि रात्रंदिवस कंटेनरची रांग. पहिल्या पावसात गोदामाच्या भरावातून साप बाहेर येतात, हमाल ओरडतात, कोणी काठी शोधतो, कोणी सर्पमित्राला फोन लावतो. ज्यांना साप हाताने धरता येत होता ते कातकरी आता वीटभट्टीवर आहेत, आणि त्यांच्या पोरांना झाडांची नावे त्यांच्या आज्यांइतकी ठाऊक नाहीत. जरत्कारूची यादी वाचताना आम्हांला टीप पाहावी लागली नाही.

नववीच्या वर्गात आम्ही ही गोष्ट उर्दूत सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, ये नाग लोग साँप थे या इन्सान?" प्रश्न अगदी समीक्षकाचा आहे. महाभारत तो सोडवत नाही. त्यातले नाग बोलतात, राज्य करतात, लग्ने करतात आणि तरीही डसतात. वासुकीची बहीण माणसासारखी एका ऋषीला दिली जाते, त्याचेही नाव जरत्कारूच. त्याने संध्येच्या वेळी झोपेतून उठवले एवढ्यावरून तिला टाकली. तक्षक दुसरीकडे फळातल्या अळीच्या रूपाने राजाजवळ पोचतो. हा दुहेरीपणा ग्रंथाचे बळ आहे. कोलटकरांची कविता इथे किंचित पातळ होते असे आमचे मत आहे. त्यांचे नाग जवळजवळ पूर्णच माणसे आहेत. जरत्कारूच्या तोंडचा उपरोध मुंबईच्या एखाद्या शिकलेल्या, वैतागलेल्या बाईचा आहे. कृष्णार्जुनांवरचे तिचे टोमणे कधीकधी इतके सहज बसतात की नागलोकाचा अंधार, थंडपणा, विषाची भीती हे काही अंगावर येत नाही. निरपराध माणसाला साप म्हटले गेले आणि जाळले, हे कळणे सोपे आहे. खरोखरच डसू शकणाऱ्यालाही सरसकट जाळता येत नाही, हे कळणे अवघड आहे.

आणि ते अवघड म्हणणे मूळ ग्रंथात आहे. आस्तिकपर्वाच्या आधी रुरूची कथा येते. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मरते, आपले अर्धे आयुष्य देऊन तो तिला परत मिळवतो, आणि मग दिसेल त्या सापाला काठीने मारीत सुटतो. एक दिवस काठीखाली डुंडुभ येतो, तो बिनविषारी. तो विचारतो की डसतात ते दुसरे, मग आम्हांला का मारतोस? त्याच संवादात अहिंसा हा श्रेष्ठ धर्म असल्याचे सांगितले जाते. लाखभर श्लोकांच्या युद्धकथेच्या दारातच हा बिनविषारी साप बसवला आहे. तेव्हा आधुनिक कवितेने प्राचीन महाकाव्याला उघडे पाडले, असे जे म्हणतात त्यांनी महाकाव्य पहिल्या पानापासून वाचलेले नसते.

आमच्या वाचकांपैकी काहींना ही कविता वाचून एक वेगळाच आनंद होण्याचा संभव आहे, दुसऱ्याच्या घरचे उणे निघाल्याचा. तो आनंद आम्हांला मंजूर नाही. इ. स. ७५० मध्ये अब्बासींनी उमय्या घराण्याची कत्तल केली, तेव्हा अबू फुत्रुसच्या जेवणावळीत पाहुणे कापले गेले, आणि तडफडणाऱ्या अंगांवर गालिचे पसरून यजमान जेवायला बसले, असे तवारीखकार लिहितात. जनमेजय आपल्या दास्तानीतही आहेत. शिवाय महाभारत आपल्याला परके नाही. अकबराने १५८२ साली त्याचा फारसी तर्जुमा सुरू करविला तो 'रज़्मनामा' होय. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० मध्ये अवघा देश ज्या संवादांसाठी थांबत होता ते डॉ. राही मासूम रज़ा यांनी लिहिले. मात्र त्या मालिकेत निवेदक होता काळ स्वतः. वैशंपायन गेला आणि त्याच्याबरोबर यज्ञाचा मांडवही गेला. 'आधा गाँव'सारख्या कादंबरीत मुहर्रम उभा करणाऱ्या लेखकाने ही आग का विझू दिली, हा सवाल आमच्या मनात राहतो. लहान पडद्याच्या अडचणी असतील. पण घराघरांत पोचलेल्या महाभारताला ऐकणारा कोण होता हे त्यामुळे कोणाला कळलेच नाही.

उर्दू साहित्यातून या कवितेकडे पाहिले की दोन गोष्टी आठवतात. नून मीम राशिद यांची 'सबा वीराँ' ही नज्म हजरत सुलैमानांना उजाड सबामध्ये बसवते. जुनी दास्तान उचलून तिच्यातले वैभव काढून घ्यायचे, ही त्या आधुनिकांची रीत कोलटकरांसारखीच आहे. पण राशिद यांच्याकडे बोलणारा बादशहाच्या बाजूचा राहतो. दुसरी गोष्ट मर्सियाची, आणि ती आम्हांला जास्त जवळची वाटते. करबलाची हकीकत (६१ हिजरी) आपल्यापर्यंत हरलेल्यांच्या तोंडून आली. बीबी जैनब यज़ीदच्या दरबारात बोलल्या नसत्या तर ती एका सरहद्दीवरची किरकोळ लढाई म्हणून नोंदली गेली असती. मीर अनीस यांच्या मर्सियांत भावाला निरोप देणारी बहीण, पाण्यासाठी रडणारी मुलगी, तंबू जळताना आतल्या बायका यांनाच सर्वांत जास्त जागा मिळते. एक सबंध काव्यप्रकार जळालेल्या तंबूंच्या बाजूने उभा राहिला. महाभारतात स्त्रीपर्व आहे, गांधारीचा विलाप आहे, पण गांधारीही राजघराण्यातलीच. नागांच्या बाईचा मर्सिया राहून गेला होता, तो कोलटकरांनी लिहिला. फरक एवढाच की बीबी जैनब भर दरबारात बोलल्या आणि जरत्कारू घरात, मुलाजवळ बोलते.

हा फरक लहान नाही. उर्दूत जवाब म्हणजे उत्तर. मराठीत 'जबाब' म्हटले की पोलीस, पंच, सही-अंगठा आठवतो. जरत्कारूचे बोलणे हा जबाबच आहे, पण तो नोंदवून घेणारे कोणी नाही. आमच्या भिवंडीत ७ मे १९७० रोजी दंगल झाली, न्यायमूर्ती मदन यांच्या आयोगाने साक्षी घेतल्या, मोठा अहवाल निघाला. १९८४ साली शहर पुन्हा पेटले. आमची दादी कुठल्याही आयोगापुढे गेली नाही. तिचा जबाब तांदूळ निवडताना, आवाज खाली आणून, अब्बांना दिला जाई आणि आम्ही ओट्याखाली बसून ऐकत असू. कोणते घर, कोणाचा लूम, कोणी दार उघडले, कोणी उघडले नाही. दार उघडणाऱ्यांत बाळंतपणे करणारी एक आगरी सुईण होती. तिचे नाव दादी दर वेळी घेई आणि त्या वेळी मात्र आवाज वर येई. अशी हकीकत ऐकून मुलगा काय करील, हे सांगणाऱ्या बाईवर थोडेबहुत असते.

जरत्कारू मुलाला सुडासाठी तयार करीत नाही. तिला सगळे ठाऊक आहे, ती काहीही लपवत नाही, खांडवातले एक झाडही वगळत नाही. आणि इतके सांगून झाल्यावर त्याला पाठवते ते हत्या थांबवायला. आस्तिक बापाकडून ब्राह्मण, आईकडून नाग. दोन्ही बाजूंचे रक्त असलेला मुलगा यासाठीच हवा होता आणि त्यासाठीच तिचे लग्न लावले गेले होते, हे मूळ कथेतच आहे. मूळात आस्तिक मांडवात जाऊन राजाची, ऋत्विजांची, यज्ञाची तोंड भरून स्तुती करतो. राजा प्रसन्न होऊन वर देतो. तक्षक आगीकडे येताना अंतराळात थांबतो आणि आस्तिक यज्ञ बंद करण्याचा वर मागतो. जळणाऱ्यांचा प्रतिनिधी जाळणाऱ्याची तारीफ करून सुटका मागतो, हे वाचताना आमच्या घशात काहीतरी अडकते. शांतता समितीच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती तारीफ ओळखीची वाटेल. कोलटकरांनी हा प्रसंग रंगवलाच नाही. आई बोलून थांबते आणि पुढचे पान उलटले की स्नान सुरू. यश मिळाले की नाही याचा डंका नाही. आमच्या मते कवितेतील सर्वांत मोठा निर्णय हा आहे, आणि तिची सर्वांत मोठी ताकदही.

स्नानाच्या भागात सगळे पूर्ववत होते. माणसे मोकळी होतात, दुसऱ्या विषयांवर बोलू लागतात, साधी सुखे परत येतात. मग कवी त्या आगीची आठवण देतो, जी एकदा विशिष्ट कामासाठी पेटवली की काम संपल्यावर विझत नाही. महाभारतातच याचा मूळ धागा आहे. पराशराने राक्षसांसाठी असेच सत्र मांडले होते; ते थांबवल्यावर ती आग हिमालयाच्या उत्तर उतारावर नेऊन टाकली आणि तिथे ती अजून झाडे-दगड खात जळते, असे आदिपर्व सांगते. २००४ सालच्या वाचकाच्या मागे १९९२-९३ ची मुंबई होती आणि २००२ चे गुजरात होते. कवीने कोणत्याही गावाचे नाव घेतले नाही. घेतले असते तर कविता त्या गावापुरती राहिली असती.

या कवितेचा उर्दू तर्जुमा करण्याचा आमचा आणि शाळेतील एका सहकाऱ्याचा प्रयत्न चालू आहे. जरत्कारूचे बोलणे उर्दूत फार सहज बसते, घरातल्या बायकांची उर्दू त्याला पुरते. अडते ते शीर्षकावर. 'सत्र' म्हणजे पुष्कळ दिवस चालणारा यज्ञ. मराठीत त्या शब्दाने किती घरे केली आहेत पाहा: न्यायालय सत्र असते, विधिमंडळाचे सत्र असते, शाळेला पहिले आणि दुसरे सत्र असते, आणि वर्तमानपत्रात हत्यासत्र असते. उर्दूत 'इजलास' लिहिले तर कचेरी येते आणि आग जाते. 'क़ुर्बानी' लिहिले तर भलताच अर्थ होतो आणि तो आम्ही होऊ देणार नाही. 'क़त्ल-ए-आम' लिहिले तर विधी जातो, वेळापत्रक जाते, दक्षिणा घेणारे ऋत्विज जातात. सहकारी म्हणतात 'साँपों का हवन' करा. तूर्त आम्ही नस्तालीकमध्ये 'सत्र' असेच लिहून ठेवले आहे. तिथे ते 'सतर', म्हणजे पडदा, असेही वाचले जाण्याची भीती आहे, म्हणून वर ज़बर-ज़ेर द्यावे लागतील.